आधी पेशंट ठरवा, मग कॉलेज

मी परळी वैजनाथची. दहावीपर्यंत परळीत, पुढची दोन वर्षं लातुरात, आणि २०१८ ते २०२४ रशियातल्या वोल्गोग्रादच्या वैद्यकीय विद्यापीठात शिकले. त्यानंतर भारतातली परीक्षा दिली, सरकारी रुग्णालयात इंटर्नशिप केली, आणि आता परळी तालुक्यातच पेशंट बघते.

दरवर्षी नीटचा निकाल लागला की मोंढ्यातल्या आमच्या भुसार दुकानावर पालक येतात. मुलाला किंवा मुलीला पात्रतेपुरते मार्क असतात, सरकारी कॉलेजचा आकडा त्याच्या खूप वर असतो, आणि हातात कुणीतरी दिलेलं रंगीत माहितीपत्रक असतं. २०२४ साली २३ लाखांहून जास्त मुलं नीटला बसली आणि देशात एमबीबीएसच्या जागा होत्या लाखाच्या थोड्या वर. आमच्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. परळीच्या प्रत्येक हुशार मुलाचं स्वप्न तिथून सुरू होतं, आणि तिथं नंबर लागला नाही की घरात परदेशाचं बोलणं निघतं. "ताई, पाठवावं का?" असं विचारणाऱ्याला मी हो किंवा नाही असं एका शब्दात सांगत नाही. बसवून घेते आणि पुढचं सांगते.

१. कुठं शिकायचं याच्या आधी कुणाला तपासायचं ते ठरवा

पालक देशांची नावं घेऊन येतात: रशिया, किर्गिझस्तान, जॉर्जिया, कझाकस्तान, फिलिपीन्स. मी उलटा प्रश्न विचारते. सहा-सात वर्षांनी हा मुलगा कुठं बसून पेशंट बघणार आहे? बीड जिल्ह्यात असेल, तर सगळे निर्णय त्या खुर्चीपासून मागं मोजत यायला हवेत.

अमेरिकेतला विद्यार्थी कॅनडात टोरोंटोला डॉक्टर व्हायला गेला, तर त्याला हा प्रश्न इतका छळत नसे. त्या दोन देशांतल्या मेडिकल कॉलेजांची तपासणी अनेक दशकं सामायिक निकषांवर होत होती. सीमा ओलांडून शिकलेला डॉक्टर परत आला तरी त्याच्या पदवीकडं जवळपास घरच्याच पदवीसारखं बघितलं गेलं. पेशंटची भाषा तीच, आजार साधारण तेच. आपल्याकडं तसं काही नाही. परदेशातली पदवी घेऊन विमानतळावर उतरलेला मुलगा कायद्याच्या नजरेत अजून डॉक्टर झालेला नसतो. त्याला परदेशी वैद्यकीय पदवीधरांची परीक्षा द्यावी लागते, मग इथं वर्षभर इंटर्नशिप, मग नोंदणी. माहितीपत्रकावर गळ्यात स्टेथोस्कोप घातलेला जो हसरा मुलगा असतो, त्याच्या आणि परळीच्या दवाखान्याच्या मध्ये एवढं अंतर आहे, हे आई-वडिलांना पहिल्याच दिवशी माहीत असलं पाहिजे.

२. नियम स्वतः वाचा, एजंटच्या तोंडून ऐकू नका

माझा प्रवेश २०१८ चा, म्हणून मला जुने नियम लागू झाले. १८ नोव्हेंबर २०२१ पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे नवे नियम आले आणि त्यानंतर जाणाऱ्यांचं सगळं गणित बदललं. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा. शिकवण्याचं माध्यम इंग्रजी हवं. त्याखेरीज १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत पूर्ण व्हायला हवी आणि भारतात आल्यावर पुन्हा १२ महिन्यांची. सुरुवातीपासून १० वर्षांच्या आत हे सगळं आटोपलं पाहिजे. नीटची पात्रता तर हवीच.

सगळ्यात जास्त मुलं अडकतात ती पुढच्या अटीत. ज्या देशात शिकलात, त्या देशात तिथल्या नागरिकाच्या बरोबरीनं डॉक्टर म्हणून नोंदणी होण्याची पात्रता तुमच्या पदवीला असली पाहिजे. काही देशांत परक्या मुलांसाठी वेगळा, आखूड कोर्स चालवतात. तो करून आलेल्याला ही अट भागवता येत नाही. रशियात पदवीनंतरची पात्रता परीक्षा रशियन भाषेत होते. "कोर्स पूर्ण इंग्रजीत आहे, काळजी नको" असं कुणी सांगितलं, तर पुढची परीक्षा कुठल्या भाषेत आहे, हे त्याला तिथल्या तिथं विचारा.

लातूर, नांदेड, संभाजीनगर इथं परदेशी प्रवेशाची कितीतरी ऑफिसं आहेत. त्यांतले काही जण प्रामाणिकपणे काम करतात. पण प्रवेश झाला की त्यांचं काम संपतं आणि तुमचं सुरू होतं, म्हणून आयोगाच्या राजपत्रातले ते नियम छापून घ्या, पेन्सिल घेऊन बसा आणि विद्यापीठाच्या कागदाशी एकेक अट ताडून बघा. इंग्रजी अवघड वाटलं तर शाळेतल्या सरांना बोलवा. भुसाराच्या धंद्यात माल बघितल्याशिवाय पावती फाडत नाहीत, असं माझे वडील, अण्णा, म्हणतात. इथं तर पोराची सहा वर्षं आहेत.

३. पेशंटची भाषा पहिल्या आठवड्यापासून शिका

ही गोष्ट मी सगळ्यांत तळमळीनं सांगते.

आमचे तास इंग्रजीत व्हायचे. शरीररचना, ऊतिशास्त्र, जीवरसायन, सगळं इंग्रजीत. त्यामुळं पहिल्या वर्षी रशियन भाषेचा तास पुष्कळ मुलांना ज्यादाचा वाटतो. तिसऱ्या वर्षी रुग्णालयात पाय ठेवला की चित्र पालटतं. पलंगावरच्या माणसाला इंग्रजीचा एक शब्द येत नसतो. त्याला छातीत कसं दुखतं हे सांगायचं असतं आणि समोर पांढरे कोट घातलेली दहा मुलं गप्प उभी असतात.

मला रशियन शिकवली ती वर्गातल्या बाईंनी आणि त्यांच्याइतकीच आमच्या होस्टेलच्या दारावर बसणाऱ्या आजींनी. तिथं सगळे त्यांना बाबुश्काच म्हणायचे. रात्री अकराला दार बंद करणं हे त्यांचं काम. त्यांचे गुडघे दुखायचे. कधीपासून दुखतात, जिना चढताना जास्त की उतरताना, सकाळी उठल्यावर किती वेळ आखडतात, हे मी त्यांना मोडक्यातोडक्या रशियनमध्ये विचारायची आणि त्या माझं व्याकरण सुधारत उत्तर द्यायच्या. तिसऱ्या वर्षी तेच प्रश्न मी वॉर्डात विचारले.

रशियन पद्धतीत पेशंटची हकिकत लिहून घेण्याला फार मान आहे. आधी तक्रारी, पेशंटच्या शब्दांत. मग या आजाराची कहाणी. मग आयुष्याची कहाणी: जन्म कुठला, बालपण कसं गेलं, घर कसलं, घरात ओल आहे का, जेवणाच्या वेळा काय, कामाला कधी लागला, कुठल्या खात्यात, धूळ किती, उष्णता किती, पाळी रात्रीची की दिवसाची. वोल्गोग्रादमध्ये 'क्रास्नी ओक्त्याब्र' नावाचा जुना पोलाद कारखाना आहे. तिथून निवृत्त झालेले म्हातारे छातीच्या तक्रारी घेऊन यायचे. आमचे शिक्षक आम्हाला छाती ऐकू देण्याआधी भट्टीपासून तो माणूस किती लांब उभा राहायचा, हे विचारायला लावायचे. ते विचारल्याशिवाय स्टेथोस्कोप लावायचा नाही, असा त्यांचा दंडक होता.

मी थर्मलच्या, म्हणजे औष्णिक वीजकेंद्राच्या, गावची. आमच्याकडं राखेचं तळं आहे, राख वाहणारे ट्रक आहेत, राखेच्या विटा पाडणारे मजूर आहेत. परळीत खोकणाऱ्या माणसाला काय काम करतो हे विचारायची सवय मला वोल्गाकाठी लागली, आणि आज माझ्या कामातली सगळ्यांत उपयोगी सवय तीच आहे.

भाषा न शिकताही पास होणारी मुलं असतात. पाठांतरावर निघतं. पण ती पेशंटजवळ उभी राहून पेशंटपासून लांब राहतात, आणि त्यांचं ते नुकसान पुढं कुठल्याच क्लासमध्ये भरून निघत नाही.

४. तिथं बोलून पास व्हावं लागतं, इथं पर्याय निवडून

लातुरात आम्ही घड्याळ लावून चार पर्यायांतला एक निवडायला शिकलो होतो. वोल्गोग्रादमध्ये दहा-बाराजणांचा गट, रोज तोंडी प्रश्न, आणि गुण पाचापैकी. गैरहजर राहिलात तर तो तास नंतर जाऊन भरून काढायचा. त्याला 'ओत्राबोत्का' म्हणतात आणि त्याला सुट्टी नाही. परीक्षेला टेबलावर पालथ्या ठेवलेल्या चिठ्ठ्यांतून एक 'बिलेत' उचलायचं, त्यावर जे प्रश्न असतील त्यांची थोडा वेळ तयारी करायची आणि प्राध्यापकांसमोर बसून बोलायचं. हाडाचा तुकडा हातात देऊन "हे काय, कुठल्या बाजूचं?" असं विचारलं की समोर पर्याय नसतात.

ही पद्धत मला मनापासून आवडली. तिच्यामुळं माणूस समजलेलं मांडायला शिकतो. पण भारतातली परीक्षा पुन्हा पर्यायांची असते. त्यामुळं सहा वर्षं एका तऱ्हेनं अभ्यास करून एका सकाळी दुसऱ्या तऱ्हेनं सिद्ध करायचं असतं, याची तयारी आधीपासून हवी.

५. परतीच्या परीक्षेची पुस्तकं जाण्याच्या बॅगेतच ठेवा

ही परीक्षा वर्षातून दोनदा होते. ३०० प्रश्न, दीड-दीडशेचे दोन भाग, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, उत्तीर्ण व्हायला १५०. कागदावर सोपी वाटते. प्रत्यक्षात उत्तीर्ण होणाऱ्यांचं प्रमाण बरेचदा पाचात एकाच्या आसपास राहिलंय, आणि या आकड्यामागं कितीतरी मुलांची तिशीपर्यंतची वर्षं आहेत. आमच्याच भागात पदवी घेऊन परतलेली, दिल्लीच्या किंवा हैदराबादच्या क्लासला खोली करून राहिलेली आणि घरी सणालाही यायला संकोचणारी मुलं मी ओळखते. त्यांची हुशारी कमी नाही. त्यांना कुणी वेळेवर सांगितलं नाही.

सांगायची गोष्ट अशी. ३०० पैकी ३० प्रश्न एकट्या जनऔषधवैद्यकशास्त्राचे, म्हणजे सार्वजनिक आरोग्याचे असतात. लसीकरणाचं वेळापत्रक, क्षयरोग निर्मूलन कार्यक्रम, उपकेंद्र किती लोकसंख्येला, आशाताईंची कामं काय. रशियात सार्वजनिक आरोग्य शिकवतात ते रशियाचं. संसर्गजन्य आजारांच्या तासाला आम्ही गोचिडीतून पसरणारे ताप शिकलो, आणि वेस्ट नाईल ताप फार बारकाईनं शिकलो, कारण वोल्गोग्रादमध्येच १९९९ साली त्याची मोठी साथ येऊन गेली होती. साप, विंचू, कीटकनाशक प्यायलेला शेतकरी, हे तिथल्या वॉर्डात फारसे दिसत नाहीत. विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून जगाच्या पाठ्यपुस्तकांत गेलेले डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्या मराठवाड्याच्या मातीतले, त्यांचं काम महाडचं, आणि आपल्याच मुलाला विंचवाच्या पेशंटचं काय करायचं हे माहीत नसावं, हे मला सहन होत नाही.

म्हणून पार्कचं सार्वजनिक आरोग्याचं पुस्तक आणि त्रिपाठींचं औषधशास्त्र पहिल्याच खेपेला बॅगेत ठेवा. वजन होतं; दोन स्वेटर कमी न्या, ते तिथं मिळतात. तिसऱ्या वर्षापासून दिवसाला तासभर भारतातल्या प्रश्नांना द्या. जो विषय तिथं चालू आहे, त्याच विषयाचे इथले प्रश्न त्याच आठवड्यात सोडवा. उन्हाळी सुट्टीत घरी आलात की ओळखीच्या डॉक्टरांकडं किंवा सरकारी दवाखान्यात परवानगी काढून नुसतं उभं राहा. मी उभी राहायची. तापाच्या पेशंटची रांग पावसाळ्यात कशी वाढते, हे मला पुस्तकाआधी तिथं कळलं.

६. फी रूबलमध्ये असते, बापाची कमाई रुपयांत

मी गेले तेव्हा हिशेब सोपा होता. रुपया आणि रूबल जवळपास बरोबरीत चालत होते. २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि काही दिवसांत रूबल कोसळला. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात व्हिसा आणि मास्टरकार्डनं रशियातलं काम थांबवलं. आमच्या हातातली भारतातल्या बँकांची कार्डं दुकानात चालेनाशी झाली. बऱ्याच रशियन बँका आंतरराष्ट्रीय व्यवहारातून बाहेर पडल्यामुळं घरून पैसे पाठवायचा नेहमीचा रस्ता बंद झाला. आणि जूनपर्यंत रूबल उलट इतका वधारला की एका रूबलला जवळपास दीड रुपया मोजावा लागत होता. ज्या फीसाठी अण्णांनी लाखाचा हिशेब धरला होता, ती दीड लाखाची झाली.

त्या उन्हाळ्यात मला कळलं की कर्ज काढताना सहा वर्षांच्या फीची बेरीज पुरत नाही. एका वर्षाच्या फीइतकी रक्कम बाजूला, हात न लावता ठेवलेली हवी. पैसे पाठवायचे दोन वेगळे मार्ग माहीत हवेत. वरिष्ठ मुलांनी त्या काळात एकमेकांना उसने दिले, होस्टेलच्या स्वयंपाकघरात एकत्र खिचडी रांधली, म्हणून आमचं निभावलं. शेत विकून पाठवू नका, हेही मी स्पष्ट सांगते. शेत गेलं आणि मुलगा पहिल्या वर्षाला परत आला, तर त्या घराला उभं राहायला काही उरत नाही.

७. नकाशा उघडून सीमेचं अंतर मोजा

युद्धाच्या त्या दिवसांत मी सीमेच्या रशियाकडच्या बाजूला होते. आमचे तास चालू राहिले. पलीकडं खार्किवमध्ये १ मार्चला कर्नाटकातला एक भारतीय विद्यार्थी मारला गेला. आमच्या वयाचा, आमच्याच पुस्तकांतून शिकणारा. मराठवाड्यातली मुलं तळघरांत रात्री काढून, मैलोन्‌मैल चालत पोलंड-रुमानियाच्या सीमांवर पोचली आणि 'ऑपरेशन गंगा'च्या विमानांनी परतली. परतल्यावरची परवड आणखी लांबली. सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगानं त्यांना दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात तात्पुरतं शिकायची सवलत दिली, पण तोवर कितीतरी घरांचा धीर सुटला होता. मे २०२४ मध्ये बिश्केकला परदेशी विद्यार्थ्यांच्या होस्टेलवर जमावानं हल्ले केले, तेव्हा पुन्हा तेच फोन, तेच रडणं.

नव्या नियमांत सगळं शिक्षण एकाच संस्थेत व्हावं लागतं, मध्येच कॉलेज बदलायला जवळपास वाव नाही. म्हणून देश निवडताना फी बघता तशी त्याची सीमा, शेजारी, भारतीय दूतावास किती लांब, हेही बघा.

८. तब्येत

थोडक्यात सांगते. वोल्गोग्राद हिवाळ्यात गोठतं आणि जुलैत परळीच्या उन्हाळ्यासारखं भाजतं. दोन्हींचे कपडे लागतात. थंडीत सूर्य कमी दिसतो, मन उतरतं, तेव्हा खोलीत एकटं बसू नका. नदीत उतरू नका. जून २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातले कोवळे विद्यार्थी रशियातल्या वोल्खोव नदीत बुडाले. आपल्याकडच्या ओढ्या-विहिरीत पोहलेल्या मुलालाही त्या नद्यांची ओढ आणि थंडी कळत नाही. आजाराचंही तसंच. आनंदीबाई जोशींनी १८८६ साली फिलाडेल्फियात पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी क्षयानं त्या गेल्या, वयाच्या एकविसाव्या वर्षी. कोल्हापूरच्या रुग्णालयातली जागा त्यांची वाट बघत राहिली. खोकला पंधरा दिवसांवर गेला तर अंगावर काढायचा नाही, एवढं तरी मुलांकडून वदवून घ्या.

९. मुलगी असेल तरीही पाठवा

"पोरीवर एवढा पैसा लावायचा का?" हे अण्णांना तोंडावर विचारणारे नातेवाईक होते. ज्या गावात हा प्रश्न विचारला गेला, त्या गावाबद्दल दोन गोष्टी सांगते. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या, राज्यात सगळ्यांत कमी. आणि २०१२ साली गर्भलिंगनिदानाच्या प्रकरणानं परळीचं नाव देशभर गेलं. मी तेव्हा शाळेत होते. बाहेरगावी परळी म्हटलं की वैजनाथाच्या ज्योतिर्लिंगाआधी लोक ते प्रकरण काढायचे.

माझ्या मनात डॉक्टर व्हायचं पक्कं झालं ते त्या वर्षी. इथल्या बाईला तपासायला इथलीच बाई बसलेली असावी, असं मला वाटायचं, अजून वाटतं. रखमाबाईंनी लंडनला शिकून सुरतेला आणि राजकोटला उभं आयुष्य बायकांच्या दवाखान्यात घातलं. शंभर वर्षांपूर्वी जे शक्य झालं ते आज परळीच्या मुलीला परवडत नाही असं म्हणणं मला मान्य नाही. होस्टेलची सुरक्षितता बघा, त्याच गावात आपल्या भागातली वरच्या वर्गाची मुलगी आहे का ते बघा, तिच्या आईशी बोला. एवढं जमलं तर पाठवा.

१०. खरी परीक्षा परत आल्यावर

नोंदणीचा कागद हातात आला तरी "रशियावाली" हा शब्द काही दिवस मागं फिरतो. इंटर्नशिपमध्ये पहिले आठवडे आम्हाला प्रत्येक कामात सिद्ध करावं लागलं, आणि ते बरोबरच आहे. सलाईन लावणं, टाके घालणं, बाळंतपण, रात्रीची इमर्जन्सी: तिथं बघायला मिळालेलं पुष्कळ होतं, हातानं करायला मिळालेलं कमी. ज्यांचं हे वर्ष पुढं आहे त्यांना माझं सांगणं, रात्रपाळी मागून घ्या. सिस्टर आणि ब्रदर शिकवतील ते वही घेऊन शिका.

मला स्वतःला कामी आली ती वोल्गोग्रादची हकिकत लिहायची शिस्त. आमच्याकडं ऊसतोडीच्या बायका येतात. "अंगावरून पांढरं जातंय", "कंबर धरतीय", "पोटात कळ येतीय", एवढंच आधी सांगतात, तेही खाली मान घालून. घाईत बघितलं तर औषध लिहून मोकळं होता येतं, किंवा त्याहून वाईट, "पिशवी काढून टाका" असं सांगता येतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाच्या पिशव्या काढण्याचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला, समिती नेमली गेली, आणि पाहणी केलेल्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यांतल्या कितीतरी जणी तिशी-पस्तिशीच्या.

मी वहीत तेच रकाने आखते जे मला तिथं शिकवले होते. लग्न कितव्या वर्षी, बाळंतपणं किती, पहाटे किती वाजता फडात उतरता, डोक्यावर मोळी किती जड, पाळीच्या दिवसांत कापड कुठं धुता, पाणी किती लांब, खोपीला आडोसा आहे का, उचल किती घेतलीय, एक दिवस खाडा झाला तर मुकादम किती कापतो. पहिल्या खेपेला त्या सगळं सांगत नाहीत. दुसऱ्या खेपेला शेजारणीला घेऊन येतात आणि शेजारीण सांगते. बऱ्याच जणींच्या दुखण्याला वेळेवर तपासणी, गोळ्यांचा पूर्ण कोर्स, रक्तवाढीची औषधं आणि नवऱ्याचेही उपचार पुरतात. ज्यांना शस्त्रक्रिया खरंच लागते त्यांना मी अंबाजोगाईला पाठवते, सोबत हकिकतीचा पूर्ण कागद देते.

दसऱ्याच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघायला लागतात. काही सांगली-कोल्हापूरकडं जातात, काही बेळगाव-बागलकोटकडं. कर्नाटकात गेलेल्या बाईला तिथल्या दवाखान्यात कन्नड कळत नाही आणि डॉक्टरला तिची मराठवाडी मराठी कळत नाही. भाषा न कळणाऱ्या वॉर्डात उभं राहणं काय असतं, हे मी डॉक्टरच्या बाजूनं बघितलं. या बायका ते पेशंटच्या बाजूनं दरवर्षी सहा महिने बघतात. म्हणून निघण्याआधी ज्या येतात त्यांना मी दोन कागद देते. एक मराठीत, तिच्यासाठी: कुठली गोळी कधी, कशानं दवाखाना गाठायचा. दुसरा इंग्रजीत, तिथल्या डॉक्टरसाठी: हिमोग्लोबिन किती, रक्तदाब किती, कुठल्या औषधाचं वावडं, कुठलं औषध चालू, शस्त्रक्रिया सुचवण्याआधी काय काय करून झालंय. दोन्ही प्लास्टिकच्या पिशवीत घालून देते, कारण खोपीत पाऊस येतो. यंदा काही जणी मागच्या हंगामाचा कागद घेऊन परत आल्या. त्यातल्या एकीच्या इंग्रजी कागदाच्या मागं बेळगावकडच्या डॉक्टरांनी आपले निष्कर्ष आणि दिलेली औषधं लिहून पाठवली होती. मला पुढचे उपचार तिथूनच सुरू करता आले.